‘एक बडा नेता’ म्हणजे नेमका कोण? मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिकांचे संपादक आणि रविवारच्या पुरवणीत राजकीय सदर लिहिणारी मंडळी यांस,

सा. न. वि. वि.

मी मूळची सांगलीची. गेली अठ्ठावीस वर्षं अमेरिकेत, ह्यूस्टनला राहते. इथे रात्रीची भांडी आवरून होतात तेव्हा तिकडे सकाळ झालेली असते, त्यामुळे तुमचा उद्याचा अंक मी आजच वाचून मोकळी होते. तुमची वर्गणी भरते, जाहिरातींवर चुकून बोट पडलं तरी रागावत नाही. एवढं सांगितलं ते तक्रार करण्याचा हक्क शाबीत व्हावा म्हणून.

गेल्या महिन्यात आमच्या लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एका डॉलरला एक पुस्तक मिळालं. मॉली आयव्हिन्स या टेक्ससच्या पत्रकर्तीच्या लेखांचा संग्रह, १९९१ सालचा. नाव: ‘मॉली आयव्हिन्स कान्ट से दॅट, कॅन शी?’ म्हणजे, ‘असं कसं बोलू शकते ही बाई?’ नावामागची गोष्ट पुढे सांगते, कारण ती खास तुमच्यासाठी आहे. पुस्तक घेतलं ते विमानात वाचायला होईल म्हणून. वाचलं मात्र स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, आणि दोनदा दूध उतू घालवलं.

राजकारणातल्या भानगडींवरचे पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे लेख. त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत, उरलेल्यांची नावं इथल्या तरुण मुलांनाही ठाऊक नाहीत. तरी मी, सांगलीची बाई, ते वाचून हसत होते आणि मला सगळं कळत होतं. तुमच्यापैकी कोणाचं दोन वर्षांपूर्वीचं सदर आज काढून वाचलं तर मला कळत नाही. पत्र लिहायचं कारण हेच.

पुस्तक वाचता वाचता मी या बाईविषयीही वाचत गेले, आणि एका ओळखीच्या नावावर थबकले: शार्पस्टाउन. ह्यूस्टनची मराठी माणसं कढीपत्ता, पोहे आणि श्रावणात उपासाची भगर आणायला हिलक्रॉफ्ट रस्त्यावर जातात. २०१० पासून त्या भागाला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असं नाव आहे. त्याला लागून शार्पस्टाउन. फ्रँक शार्प नावाच्या बिल्डरनं १९५० च्या दशकात वसवलेली ही वस्ती. मधून फ्रीवे जावा म्हणून त्यानं जमीन फुकट दिली, कारण रस्ता आला की घरं विकली जातात हे कळायला टेक्ससमध्येही वेगळं शिक्षण लागत नाही. इथला पहिला वातानुकूलित मॉल त्याचाच, १९६१ सालचा. या नावाच्या पाटीखालून मी हजारदा गाडी नेली असेन. हे एका घोटाळ्याचंही नाव आहे याचा पत्ता नव्हता.

घोटाळा असा. शार्पची एक बँक होती आणि एक विमा कंपनी. बँकेतल्या ठेवींचा विमा केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे असल्यामुळे तिथले तपासनीस येऊन खाती उघडून बघत. शार्पला हे नको होतं. ठेवींचा विमा राज्यातल्या राज्यात करता येईल असा कायदा त्याला हवा होता. मग त्याच्या बँकेनं टेक्ससचे गव्हर्नर प्रेस्टन स्मिथ (आपल्या हिशेबानं मुख्यमंत्री, इथला गव्हर्नर राजभवनात बसून फिती कापत नाही), सभागृहाचे स्पीकर गस मचर आणि आणखी काहींना मिळून सहा लाख डॉलरच्या वर कर्ज दिलं. त्या पैशांतून या मंडळींनी शार्पच्याच विमा कंपनीचे शेअर घेतले, भाव चढल्यावर विकले आणि जवळजवळ अडीच लाख डॉलर नफा कमावला. सप्टेंबर १९६९ च्या खास अधिवेशनात शार्पला हवी ती विधेयकं भराभर मंजूर झाली. कळस म्हणजे पुढे गव्हर्नरसाहेबांनी त्याच विधेयकांवर नकाराधिकार वापरला. तोवर त्यांचे शेअर विकून झाले होते.

जानेवारी १९७१ मध्ये केंद्राच्या शेअरबाजार नियंत्रकांनी दावा लावला तेव्हा हे बाहेर आलं. सभागृहात तीस आमदार पक्ष विसरून एकत्र आले आणि स्पीकरच्या चौकशीची मागणी करू लागले. त्यांना ‘डर्टी थर्टी’ हे नाव पडलं आणि त्यांनी ते मिरवलं. मार्च १९७२ मध्ये ॲबिलीनच्या ज्युरीनं मचर यांना लाच घेण्याच्या कटात दोषी ठरवलं. शिक्षा काय, तर पाच वर्षं प्रोबेशन. खुद्द शार्पला तीन वर्षं प्रोबेशन आणि पाच हजार डॉलर दंड. म्हणजे तुरुंगाचं दार दोघांनीही पाहिलं नाही. मतदारांनी मात्र त्याच वर्षी गव्हर्नरला पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतच घरी पाठवलं, आणि १९७३ च्या नव्या सभागृहानं सरकारी कागदपत्रं लोकांना बघता येतील असा कायदा केला.

मॉली आयव्हिन्स १९७० साली ऑस्टिनला ‘टेक्सस ऑब्झर्व्हर’ या छोट्या पाक्षिकात रुजू झाली, म्हणजे बरोबर या तमाशाच्या तोंडावर. ह्यूस्टनच्या श्रीमंत वस्तीत वाढलेली, चांगल्या कॉलेजात शिकलेली, सहा फूट उंचीची बाई. विधिमंडळाच्या गॅलरीत बसून तिला कळलं की इथे विनोद रचावा लागत नाही, नोंदवावा लागतो. याच सभागृहानं १९७१ च्या एक एप्रिलला अल्बर्ट डिसाल्व्हो या गृहस्थाच्या लोकसंख्या नियंत्रणातल्या कार्याचा गौरव करणारा ठराव मंजूर केला. डिसाल्व्हो म्हणजे बॉस्टनमध्ये बायकांचे गळे आवळणारा म्हणून गाजलेला माणूस. सहकारी काहीही न वाचता हात वर करतात हे दाखवण्यासाठी एका आमदारानं ठराव मांडला होता. त्यांनी हात वर केले.

पुढेही तिच्या राज्यानं तिला कधी उपाशी ठेवलं नाही. १९८७ साली गव्हर्नर बिल क्लेमंट्स यांनी कबूल केलं की एका विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंना चोरून पैसे देणं चालू ठेवायला आपली संमती होती. आधी खोटं का बोललात, असं विचारल्यावर त्यांचं उत्तर साधारण असं, की तेव्हा तिथे बायबल नव्हतं. आपल्याकडे गीतेवर हात ठेवूनही जे होतं ते पाहता मला हा माणूस प्रामाणिकच वाटला. १९८९ साली कोंबड्यांचा धंदा करणारे बो पिलग्रिम राज्याच्या सिनेट सभागृहात शिरले आणि कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा चर्चेत असताना सिनेटरांना दहा-दहा हजार डॉलरचे चेक वाटून आले. चेकवर घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. आणि हे बेकायदा नव्हतं! कायद्यात तशी बंदीच नव्हती. त्यानंतर दोन वर्षांनी राज्यात नीतिमत्ता आयोग आला.

आता बघा, मी वर तीन-चार परिच्छेदांत किती नावं घेतली. कोणी घेतलं, कोणी दिलं, किती, कधी, कोणत्या कायद्यासाठी. आयव्हिन्स लिहिते ते असंच. तिची भाषा शिवराळपणाच्या काठाकाठानं जाते, टेक्ससच्या गुराख्यांच्या तोंडची बोली ती बिनदिक्कत वापरते, आमदारांना टोपणनावं ठेवते. धाकट्या जॉर्ज बुशला तर तिनं पुढे ‘श्रब’ केलं, म्हणजे बुश नव्हे, खुरटं झुडूप. पण टोपणनाव ठेवायच्या आधी खरं नाव लिहिते, आणि खुर्चीत बसलेल्या माणसानं काय केलं ते शाळेतल्या मुलाला कळेल असं सांगते. टवाळी त्यानंतर. तिचा विनोद माहितीवर बसलेला असतो, म्हणून तो अजून बसलेला आहे.

तुमच्याकडे काय असतं? ‘पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वजनदार नेत्याच्या निकटवर्तीयानं नुकतीच मुंबईत एका उद्योगपतीची गाठ घेतली म्हणे. या भेटीत काय शिजलं याची दबक्या आवाजात चर्चा आहे. आता साहेब कोणता पत्ता टाकतात याकडे दादांचं लक्ष आहे आणि दादांकडे ताईंचं.’ नमुना मी रचला आहे. खरा कुठला, असं विचारू नका, कुठलाही चालेल. वजनदार कोण, निकटवर्तीय कोण, उद्योगपती कोण, आणि शिजलं ते खाल्लं कोणी, यातलं काहीही न सांगता नऊशे शब्द भरतात. वाचणाऱ्याला वाटतं आपण आतल्या गोटात बसलोय. तुम्हाला वाटतं आपण निर्भीड लिहिलं. आणि वजनदार नेत्याला वाटतं, ठीक आहे, नाव नाही आलं.

याला मी धाडस म्हणत नाही. चावडीवरच्या माणसानं भुवई उडवावी तसं आहे हे. भुवईला पुरावा लागत नाही.

माझे वडील सांगलीच्या कोर्टात कारकून होते. त्यांना कात्रणांचा नाद. जुन्या हिशेबाच्या वह्यांत खळ लावून चिकटवायचे आणि तुमच्या आधीच्या पिढीतल्या सदरलेखकांनी जिथे ‘एक माजी मंत्री’ लिहिलं असेल तिथे समासात पेन्सिलीनं नाव लिहायचे. कोर्टातल्या माणसाची सवय. फिर्यादी-आरोपीच्या नावांशिवाय कागद त्यांना नागडा वाटायचा. वडील गेल्यावर त्या वह्या मी इकडे आणल्या. मध्यंतरी माझी मुलगी १९८१-८२ ची वही चाळत होती. ‘आजोबांनी सिमेंटवर एवढं का चिकटवलंय?’ मी म्हटलं, अंतुल्यांचं प्रकरण. मग तिला सांगायला बसले आणि वहीत शोधू लागले. सिमेंटच्या खुर्चीवर कोट्या होत्या, पोत्यांवर कोट्या होत्या. काय झालं होतं ते त्या सदरांत नव्हतं.

ते मला आठवणीतून आणि नंतरच्या वाचनातून सांगावं लागलं. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होतं, परवान्याशिवाय पोतं मिळत नसे. बिल्डरांनी तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्याशी संबंधित ट्रस्टना देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळायचा, असा आरोप होता. पत्रकार अरुण शौरी यांनी ते ऑगस्ट १९८१ मध्ये छापलं. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध मान्य करणारा निकाल दिला आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं. पुढचा फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षं रेंगाळला, १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेला आणि तिथे वेगळ्याच मुद्द्यावर वळला. मोजून पाच-सहा वाक्यं. मुलीला कळलं. तिनं विचारलं, ‘मग हे जोक्सच्या आधी का नाही लिहिलं?’ त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. ह्यूस्टनमध्ये बसून सल्ले देणं स्वस्त आहे. खरं आहे. इथे १९६४ च्या सलिव्हन खटल्यापासून सरकारी पदावरच्या माणसाला अब्रुनुकसानी सिद्ध करायची तर मजकूर खोटा आहे हे लिहिणाऱ्याला माहीत होतं, किंवा त्यानं खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही, हे दाखवावं लागतं. तुमच्याकडे अब्रुनुकसानी हा अजून फौजदारी गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं तो २०१६ मध्ये कायम ठेवला आणि नव्या न्यायसंहितेतही तो आहे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेसकट. जिल्ह्याजिल्ह्यात तारखांना हेलपाटे घालायला लावले तर लहान वर्तमानपत्र त्यातच संपतं. वडिलांच्या कोर्टात असे चपला झिजवणारे संपादक मी लहानपणी पाहिलेत.

पण एक विचारते. विधानसभेत घेतलेलं नाव तरी का गाळता? सभागृहाच्या कामकाजाचा खराखुरा वृत्तान्त द्वेषबुद्धी न ठेवता छापला तर त्यावर खटला चालत नाही. १९७८ च्या घटनादुरुस्तीनं ३६१ अ हे कलम त्यासाठीच आलं. महालेखापालांच्या अहवालात रक्कम असते, खातं असतं, वर्ष असतं. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता उमेदवारानं स्वतःच्या सहीनं लिहिलेली असते. निकालपत्र तर कोर्टाचंच. एवढं सगळं उघड्यावर पडलेलं असताना सदर मात्र ‘म्हणे’वर चालतं. उघड्यावरचं उचलायचं तर बसून वाचावं लागतं, हे त्याचं कारण असेल का?

अत्र्यांचं नाव घेऊन उसासा टाकायची आपल्याकडे रीत आहे, ती मी पाळत नाही. त्याऐवजी १८८२ आठवा. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’नं नाव घेऊन आरोप केले. ज्या पत्रांवर भिस्त ठेवली होती ती बनावट निघाली, आणि टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले, एकशे एक दिवस. ही गोष्ट आपण शौर्याची म्हणून सांगतो. मला ती दोन्ही बाजूंनी आवडते: नाव घ्यायची छाती होती, आणि कागद तपासायचा राहिला होता. आयव्हिन्सच्याही बाबतीत असं झालं. १९९५ मध्ये फ्लॉरेन्स किंग या लेखिकेनं तिला जाहीरपणे पकडलं: तिच्या एका जुन्या लेखात किंगची वाक्यं श्रेय न देता आली होती. आयव्हिन्सनं माफी मागितली. आयुष्यभर दुसऱ्यांना उघडं पाडणाऱ्या बाईचं स्वतःचं उघडं पडणं वाचताना मला अवघडल्यासारखं झालं; पण तिनं ‘माझ्या वाक्याचा विपर्यास केला’ असं म्हटल्याचं कुठे सापडलं नाही. हे वाक्य मी मराठीत दर आठवड्याला वाचते.

आता त्या पुस्तकाच्या नावाची गोष्ट. हा भाग सदरलेखकांनी सोडला तरी चालेल, संपादकांनी सोडू नये. १९८० च्या दशकात ती ‘डॅलस टाइम्स हेराल्ड’ या दैनिकात लिहीत होती. जिम कॉलिन्स नावाच्या तिथल्या एका खासदाराविषयी तिनं लिहिलं, की याची बुद्धी आणखी खाली घसरली तर याला दिवसातून दोनदा पाणी घालावं लागेल. (कुंडीतल्या झाडाला घालतात तसं. आपल्याकडे ‘दगड’ म्हणून मोकळे होतो. दगडाला निदान पाणी लागत नाही.) वाचक खवळले, जाहिरातदार खवळले. अशा वेळी संपादक काय करतो? तुमच्यातला एक जण माझ्या दूरच्या नात्यातला, त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘सदर दोन आठवडे सुट्टीवर पाठवतो. मग वाचक विसरतात.’ डॅलसच्या त्या दैनिकानं शहरभर मोठमोठे फलक लावले: ‘मॉली आयव्हिन्स असं बोलू शकत नाही, शकते का?’ जो आरडाओरडा विरोधात होता तोच जाहिरात म्हणून भाड्यानं लावला.

गोष्टीचा शेवट गोड नाही, तोही सांगते. ते दैनिक डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडलं, पुस्तक आलं त्याच वर्षी. फलकांनी वर्तमानपत्र जगत नाही. ‘टेक्सस ऑब्झर्व्हर’ही मार्च २०२३ मध्ये संपल्यातच जमा होता, संचालकांनी बंद करायचा ठराव केला होता, मग वाचकांनी काही दिवसांत वर्गणी गोळा केली आणि ठराव मागे घेतला गेला. कुठल्या मराठी सदराच्या संपादकानं उद्या झोळी पसरली तर मी किती देईन याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. ‘वजनदार नेत्याच्या निकटवर्तीया’साठी काहीच नाही.

आणखी एक, थोडक्यात. आयव्हिन्सचं म्हणणं होतं की उपहास हे दुबळ्यांचं बलवानांविरुद्धचं हत्यार आहे. ते दुबळ्यांवर चालवलं तर नुसतं क्रूर नव्हे, ओंगळ होतं. तुमच्या सदरांत मंत्र्याच्या टक्केवारीला ‘म्हणे’ आणि नगरसेविकेच्या साडीला, बोलीला, नवऱ्याला थेट नावानिशी चिमटे. हे उलटं झालंय. ज्याच्याकडे वकील नाही त्याचं नाव बरं छापता येतं!

मागणं फार नाही. महिन्यातून एक सदर असं लिहा, ज्यात एकही ‘म्हणे’ नाही. एका प्रकरणात कोणी काय घेतलं ते कागद समोर ठेवून सांगा आणि मग हवी तेवढी टिंगल करा. मराठीला टिंगल शिकवावी लागत नाही. वर्षाअखेरीस अशी बारा झाली की पुस्तक काढा. दहा प्रती इथून आत्ताच मागवते. हिलक्रॉफ्टवर भगर आणायला येणाऱ्या माणसांना वाटीन.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
ह्यूस्टनची एक वर्गणीदार

ता. क. : वडिलांच्या एका वहीत १९७९ चं कात्रण आहे. सदरात लिहिलंय, ‘साखरपट्ट्यातल्या एका दिग्गजाचे दिवस आता भरले आहेत, हे सुज्ञांस सांगणे न लगे.’ वडिलांनी समासात पेन्सिलीनं एक नाव लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं, तेही खोडलं, आणि शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. तुमच्या कचेरीत त्या वेळचं कोणी अजून असेल तर तेवढं विचारून कळवा.